सरांना एसटीत बसवा

पोरानं पदक आणलं की गावात सत्कार होतो आणि भाषणांत आईवडिलांनी काढलेल्या खस्तांचं वर्णन हमखास येतं. पहाटे उठून लेकीला ग्राउंडवर सोडणारे वडील, पाटल्या गहाण टाकून किट आणणारी आई, रजा टाकून टाकून नोकरीत मागं राहिलेला मामा. ऐकताना डोळे भरून येतात, आणि त्यातलं बहुतेक सगळं खरं असतं. त्या माणसांपुढं हात जोडावेत तेवढे थोडेच. पण त्यांना एवढं लांब जावं का लागलं, हे मांडवात बसलेल्या आपल्यापैकी कुणी विचारत नाही. आणि ज्यांना घरून कुणी नेणारं नव्हतं ती पोरं कुठं आहेत? त्यांचा सत्कार होत नाही, म्हणून त्यांची गोष्ट कुणाच्या कानावर येत नाही.

सातारा-सांगली भागात छंदापायी आईवडील किती लांब जातात, हे समजायला नुसता नकाशा डोळ्यांपुढं आणला तरी पुरे. दहिवडीहून सातारा साठ-पासष्ट किलोमीटर. जतहून सांगली ऐंशीच्या आसपास. तिरंदाजीचं मैदान, पोहायचा तलाव, तबल्याचे चांगले सर, बुद्धिबळाचा क्लास हे सगळं बहुतेक जिल्ह्याच्या गावी. त्याच्या पुढची पायरी पुण्यात. साताऱ्याहून पुणं 110 किलोमीटर, वाटेत दोन टोलनाके आणि खंबाटकीचा घाट. सांगलीहून सव्वादोनशेच्या पुढं, म्हणजे शनिवारी पहाटे निघायचं आणि रविवारी रात्री परतायचं. हे करणारी घरं आता दोन-चार राहिलेली नाहीत. शिक्षक, बँकेतले कर्मचारी, दुकानदार, बागायतदार असे सगळे त्यात आहेत.

माझं मत सांगते. मूल बारा-तेरा वर्षांचं होईपर्यंत शिकण्यासाठीचा नेहमीचा प्रवास जाऊन-येऊन तासाभराच्या वर जाऊ नये. जात असेल तर ते अंतर कमी करणं हे एकेका घराचं काम नाही, ते गावाचं, तालुक्याचं आणि सरकारचं काम आहे. तीस घरांनी आपापली पोरं घेऊन जिल्ह्याला जाण्यापेक्षा एका सरांनी आठवड्यातून दोनदा तालुक्याला यावं. इतकी साधी गोष्ट आपण इतकी वर्षं मागितलेली नाही, कारण लांब जाणारा पालक म्हणजे चांगला पालक असं आपण मनाशी धरून बसलो आहोत.

संध्याकाळी सहाच्या सुमारास शहरातल्या कुठल्याही मैदानाबाहेर चक्कर मारा. कुंपणाला लागून गाड्या, स्कूटर उभ्या असतात. एका गाडीत मागच्या सीटवर धाकटा झोपलेला असतो, पायातले बूट तसेच. पुढं आई मांडीवर वर्तमानपत्र पसरून गवारीच्या शेंगा मोडत असते, कारण घरी पोचायला नऊ-साडेनऊ होणार आणि मग भाजी निवडायला बसलं तर जेवायला अकरा वाजणार. शेजारी एक सर डिकीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा ठेवून तपासत असतात. आत ज्या मुलीसाठी हे सगळं चाललंय ती दीड तास सराव करते. त्या दीड तासापायी घरातल्या तिघांची संध्याकाळ जाते. आठवड्यातून एकदा हे आनंदाचंही होतं. चारदा झालं की धाकट्याचा अभ्यास, आईची तब्येत आणि घरातल्या म्हाताऱ्यांच्या औषधाच्या वेळा हळूहळू मोडकळीला येतात. धाकट्याला कशाची आवड आहे, हे विचारायला त्या घरात कुणाला सवडच नसते.

याहून मोठी गोष्ट परतीच्या वाटेवर घडते. सामना हरलेला असतो, किंवा त्या दिवशी मन लागलेलं नसतं. थोडा वेळ गाडीत कुणी बोलत नाही आणि मग ते वाक्य येतं: "एवढ्या लांबून आणतो तुला, जरा तरी लक्ष दे की." बाप वाईट नसतो. तो दमलेला असतो, उद्या सकाळी त्याला ड्यूटी असते. पण दहा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर त्या क्षणी पेट्रोलचा, रजेचा, आईच्या दमणुकीचा सगळा बोजा पडतो. मग त्याला 'मला हे आवडत नाही' असं म्हणायची सोय उरत नाही. छंदात मुलाला कधीही सोडून देता आलं पाहिजे. आज चित्रकला, उद्या कबड्डी, परवा नुसतं झाडावर चढणं, हे लहान वयाचं हक्काचं भटकणं आहे. अंतर वाढलं की तो हक्क पहिला जातो. जवळच्या तालमीत महिनाभर जाऊन कंटाळलेलं पोर सरळ सांगतं, 'उद्यापासनं येत नाही.' साठ किलोमीटरवरच्या क्लासला जाणाऱ्या पोराच्या तोंडून असं वाक्य सहजासहजी निघत नाही.

आता हिशेब मांडू. दहिवडी-सातारा जाऊन-येऊन 125 किलोमीटर धरा. आठवड्यातून दोनदा म्हणजे महिन्याला हजार किलोमीटर. टू-व्हीलर लिटरला 45-50 देते असं धरलं तर वीस-बावीस लिटर, म्हणजे पेट्रोलचेच दोन हजारांच्या वर. अशी तीस घरं असतील तर साठ हजार रुपये दर महिन्याला रस्त्यावर जळतात. तेवढ्या पैशात एका सरांचं मानधन आणि एसटीचं भाडं निघून वर शटलकॉकचे डबे येतील. शिवाय तीस माणसांचे दर खेपेचे चार-पाच तास. ते कुणी मोजतच नाही, कारण त्यातले बरेच आईचे असतात.

या अंतराचा सगळ्यात मोठा तोटा मुलींना होतो. तेरा वर्षांचा मुलगा वस्तीच्या एसटीनं रात्री एकटा परतला तर घरचे थोडी काळजी करतात आणि झोपतात. मुलीला मात्र सोबत लागते. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, आपल्या स्टँडवरची आणि फाट्यावरची परिस्थिती सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यामुळं होतं असं की मुलाच्या छंदाला पैसे लागतात, आणि मुलीच्या छंदाला पैशासोबत एक मोकळं माणूस लागतं. ज्या घरात असं माणूस नाही, तिथं मुलीचा खेळ सातवी-आठवीला संपतो. तासगावकडच्या एका द्राक्षबागायतदाराची मुलगी मला माहीत आहे. वडील तिला हौसेनं सांगलीला न्यायचे. ऑक्टोबर छाटणी आली की बागेत मजुरांच्या मागं राहावं लागतं, वेलीचे कोंब फुटायच्या वेळी हवामानाकडं टक लावून बसावं लागतं. ते दोन महिने तिचं जाणं बंद. नेमक्या त्याच दिवसांत शालेय स्पर्धा असतात. दोन वर्षं असं झाल्यावर तिनं स्वतःच जाणं सोडलं. घरात कुणी तिला अडवलं नव्हतं. तरी ती थांबली.

जिथं सोय घराजवळ होती तिथं काय घडलं, हेही आपल्याच भागात दिसतं. 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताचं पहिलं पदक सांगलीच्या संकेत सरगरनं आणलं. 55 किलो गटात 248 किलो वजन उचलून रौप्य. सुवर्णपदक एका किलोनं गेलं, आणि तेही कोपर दुखावल्यावर. त्याच्या वडिलांची सांगलीत पानाची टपरी आणि चहाचं दुकान. त्याच्या काही आठवडे आधी त्याची बहीण काजोल हिनं पंचकुलाच्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत वेटलिफ्टिंगमध्ये सुवर्ण मिळवलं होतं. एकाच घरातली दोन पोरं, त्यात एक मुलगी. टपरीवाल्या बापाला आठवड्यातून चार संध्याकाळी दुकान बंद करून पोरांना घेऊन गावोगाव हिंडणं परवडलं असतं का? व्यायामशाळा शहरात होती, पोरं तिथं जाऊन सराव करू शकली आणि दुकान चालू राहिलं. या दोन पदकांमागं त्या दोघांचे कष्ट आहेतच. त्याबरोबर शहरातलीच एक व्यायामशाळा आहे.

स्मृती मानधनाचं उदाहरणही त्याच अंगानं बघावं. ती सांगलीतच वाढली. वडील जिल्ह्याकडून खेळलेले, भाऊ खेळणारा, म्हणजे क्रिकेट घरात होतं. नवव्या वर्षी ती 15 वर्षांखालच्या राज्य संघात आली. नंतर ती जगभर हिंडली आणि 2025 च्या नोव्हेंबरात विश्वचषक जिंकणाऱ्या संघाची उपकर्णधार होती. पण बॅट धरायला शिकण्यासाठी तिला जिल्हा ओलांडावा लागला नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला अदिती स्वामीचं घर आहे. 2023 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला कंपाउंड तिरंदाजीत ती जगज्जेती झाली, वय 17. तिचे वडील शिक्षक. मुलीला खेळाची सोय मिळावी म्हणून त्यांनी गावातलं बिऱ्हाड हलवून साताऱ्यात आणलं, धनुष्यासाठी कर्ज काढलं. या निर्णयाबद्दल मला फार आदर आहे. मात्र त्यांना पगार होता, बदली किंवा जाण्यायेण्याचा पर्याय होता. ज्याची तीन एकर जमीन आणि दोन म्हशी गावात आहेत, तो बिऱ्हाड कुठं हलवणार? अदितीसारखी नजर असलेली दुसरी मुलगी माणमध्ये किंवा आटपाडीत नसेलच, असं छातीठोकपणे कोण सांगेल?

मग तिरंदाज प्रवीण जाधवकडं बघा. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा, आईवडील मजुरी करणारे. त्यांनी त्याला कुठंही नेलेलं नाही, नेणं शक्यच नव्हतं. गावच्या जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकांनी त्याच्यातला खेळाडू हेरला, तो शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत निवडला गेला, तिथं राहिला, शिकला आणि टोकियो ऑलिंपिकपर्यंत गेला. इथं अंतर शाळेनं आणि शासनानं कापलं. अशी व्यवस्था आपल्याकडं आहे आणि ती चालतेही. फक्त तिची दारं फार थोड्यांना उघडतात, आणि शाळेत डोळस शिक्षक असणं हा नशिबाचा भाग राहतो.

कुणी म्हणेल, कलेचं तसं नाही, गुरूकडं जावंच लागतं. म्हणून मिरजेचं सांगते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेजवळच्या बेडगचे, जन्म 1849 चा. गाण्यासाठी ते मजल दरमजल करत ग्वाल्हेरला पोचले आणि वासुदेवबुवा जोशींकडं शिकले. त्या काळात दुसरा इलाजच नव्हता. पण विद्या मिळाल्यावर ते इकडं परतले, मिरजेत राहिले आणि त्यांनी शिष्य तयार केले. त्यामुळं कुरुंदवाडच्या विष्णू दिगंबर पलुस्करांना ग्वाल्हेर गाठावं लागलं नाही. लहानपणी दारूच्या आतषबाजीत डोळे अधू झालेल्या त्या मुलाला पलीकडच्या मिरजेत गुरू मिळाला. पुढं त्यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं शिकवणं गावोगाव पोचेल अशी रीत घातली. आज अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं मुख्यालय मिरजेत आहे आणि प्रारंभिक या पहिल्या परीक्षेपासून पुढच्या परीक्षांसाठी मंडळानं देशभर केंद्रं ठेवली आहेत. पोरं परीक्षेला मिरजेला येत नाहीत, परीक्षा त्यांच्या गावाजवळ जाते. एक माणूस लांब गेला, शिकून परत आला, आणि मागच्या कित्येक घरांची पायपीट वाचली. ज्या भागात हे घडलं तिथल्या लोकांना सर तालुक्याला येऊ शकतात ही कल्पना नवी वाटावी, याचं मला वाईट वाटतं.

कुस्तीतही तेच. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना पहिले धडे घरात आणि गावच्या मातीतच मिळाले, वडील स्वतः पैलवान. गावोगाव तालीम होती म्हणून कुस्तीत शेतकऱ्याचं, गड्याचं पोर वर आलं. मोठं झाल्यावर पैलवान कोल्हापूरच्या तालमीत राहायला जातात, दूध-तुपाचा खर्च घरचे सोसतात, ते वेगळं. ते जाणं सोळा-सतरा वर्षांच्या, आपल्याला काय हवंय हे कळलेल्या पोराचं जाणं असतं. आणि 1952 ला हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा खाशाबांसाठी गावानं वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक असं आलं. परतल्यावर कऱ्हाडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एवढ्या लांबच्या प्रवासाचा भार एका घरावर टाकायचा नसतो, हे त्या पिढीला कळत होतं.

स्पर्धेचा प्रवास आणि शिकण्याचा प्रवास या दोन गोष्टी एकत्र करू नयेत, असं मला वाटतं. स्पर्धेला लांब जावं, अवश्य जावं. नवं गाव, अनोळखी पोरं, हरल्यावरचा मुक्काम, धर्मशाळेतली रात्र, यातून मूल शहाणं होतं. वर्षातून तीन-चारदा घरानं ते सोसावं, नाही झेपलं तर शाळेनं आणि गावानं हातभार लावावा. मुलाची तयारी झाली, वय चौदा-पंधरा झालं, सर म्हणाले की आता माझ्यापुढचं शिकायला पुण्याला जा, तर तेही खुशाल करावं. माझा विरोध सात वर्षांच्या पोराला दर शनिवारी घाट चढवण्याला आहे.

या घाईमागं सर्टिफिकेटही आहे. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत पाच टक्के खेळाडू आरक्षण आहे. ही चांगली धोरणं आहेत, गरीब घरांना त्यांचा आधार वाटतो. पण त्यापायी छंदाचं रूपांतर लहानपणीच अर्जातल्या रकान्यात होतं. ज्या खेळात पोरं कमी, त्या खेळात घालायचं, म्हणजे राज्य पातळी लवकर गाठता येते, असा सल्ला पालक एकमेकांना देतात. मुलाला तो खेळ आवडतो का, हे त्यात कुठंच नसतं. आवड ओळखायची माझी खूण सोपी आहे. क्लास नसलेल्या दिवशी पोर आपण होऊन ती गोष्ट हातात घेतं का? रविवारी दुपारी तबल्यापाशी जाऊन बसतं का, बुद्धिबळाच्या पटावर चाली मांडतं का, भिंतीवर चेंडू मारत राहतं का? घेत असेल तर थोडं लांब जायला हरकत नाही. तीन महिन्यांत एकदाही घेतलं नसेल तर पुढची फी भरू नये.

'आम्हाला नाही मिळालं, पोरांना तरी मिळू दे' असं पालक म्हणतात, आणि हे म्हणणं मला मनापासून पटतं. दुष्काळी भागात वाढलेल्या माणसाला पोरीच्या हातात धनुष्य बघून जे वाटतं ते मी कमी लेखणार नाही. म्हणूनच माझं सांगणं आहे की ही ताकद एकेकट्यानं रस्त्यावर खर्च करू नका. जी माणसं लेकरासाठी रात्री घाट उतरतात, ती एकत्र येऊन तालुक्यात सरांची सोय मागू लागली तर त्यांना कोण नाही म्हणेल?

मैदानं नाहीत असंही नाही. तालुका क्रीडा संकुलाची योजना राज्यानं कधीची आणली आहे. कुठं इमारत आहे, कुठं धावपट्टी आहे, कुठं बॅडमिंटनचा हॉल आहे. नसतात ते शिकवणारे. मी पाहिलेल्या एका संकुलात टेबल टेनिसची टेबलं होती आणि त्यांवर लग्नाच्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. 2020 मध्ये केंद्र सरकारनं जिल्हा पातळीवर एक हजार खेलो इंडिया केंद्रं काढायचं जाहीर केलं आणि तिथं माजी खेळाडूंना शिकवायला घ्यायचं ठरवलं. ही दिशा बरोबर आहे, ती तालुक्यापर्यंत यायला हवी. एक सर सोमवार-गुरुवार विट्याला, मंगळवार-शुक्रवार आटपाडीला, असं वेळापत्रक बसवणं अवघड नाही. बँकेचे वसुली अधिकारी आणि औषध कंपन्यांचे प्रतिनिधी असंच फिरतात. मोठे सर येणार नाहीत, हे खरं. पण पहिल्या चार वर्षांत मोठे सर लागत नाहीत. नीट शिकवणारे, वेळेवर येणारे आणि पोरांवर न ओरडणारे सर लागतात.

दुसरी गोष्ट एसटीची. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत घर ते शाळा पास मोफत आहे. 2023 च्या मार्चपासून बायकांना अर्ध्या तिकिटात प्रवास आहे. दोन्ही योजनांनी ग्रामीण मुलींचं केवढं भलं केलं हे स्टँडवर सकाळी दिसतं. तो पास शाळेपासून तालुक्याच्या मैदानापर्यंत वाढवला आणि संध्याकाळी सातनंतर वाड्यावस्त्यांकडं एक गाडी सोडली, तर किती मुलींना सोबतीचं माणूस शोधावं लागणार नाही. एका गाडीत पंधरा मुली एकत्र असतील तर त्याच एकमेकींची सोबत होतात. तासगावच्या त्या मुलीचे वडील मग छाटणीच्या दिवसांत निवांत बागेत राहिले असते.

तिसरी शाळेतली. पीटीचा तास गणिताला देणं बंद व्हायला हवं. क्रीडाशिक्षकाला जनगणना आणि निवडणुकीतून मोकळीक मिळायला हवी. प्रवीण जाधव ज्यांना दिसला तसे शिक्षक ज्या शाळेत आहेत, तिथल्या पालकांना लांब जावं लागत नाही.

शालेय वर्ष सुरू होण्याआधी, मे महिन्यातच, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडं अर्ज द्यावा. एकट्यानं जाऊ नये, वीस-पंचवीस पालकांच्या सह्या घेऊन जावं, त्यात आयांच्या सह्या निम्म्या तरी असाव्यात. ग्रामसभेचा ठराव जोडावा. तालुक्यातले किती पालक कोणत्या खेळासाठी, कोणत्या कलेसाठी कुठवर जातात, महिन्याला किती खर्च येतो, हे एका कागदावर लिहून सोबत द्यावं. आणि अर्जात नवं मैदान मागू नये, सरांचे वार आणि वेळ मागावी.